तारेतली ‘मातोश्री’ आणि वाक्यातली ‘मामाँ’: फ्रेंचच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आल्बेर काम्यूची फ्रेंच कादंबरी ‘लेत्रांजे’ अकरावी-बारावीच्या वर्गात कशी लावावी, असं हल्ली बरेच शिक्षक विचारतात. आमच्यापाशी जे उत्तर आहे ते मुळात तुमचं. म्हणून हे आभार खासगीत न मानता इथे जाहीरपणे मानतो आहोत. ज्यांना उपयोग होईल त्यांनी सरळ उचलावं.

दिसायला पुस्तक शिक्षकाच्या सोयीचं. दोन भाग, पहिल्यात सहा प्रकरणं, दुसऱ्यात पाच, वाक्यं आखूड, शब्द सोपे. आणि इथेच गाडी घसरते. मुलं दोन दिवसांत वाचून येतात आणि स्वतःच गोष्ट सांगणाऱ्या नायकाबद्दल ‘मर्सोला भावनाच नाहीत’ असा निकाल लावून मोकळी होतात. शिक्षक फळ्यावर ‘अस्तित्ववाद’ लिहितो, मुलं व्याख्या उतरवतात, पुस्तक संपतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत म्हणालात की फळ्यावर तो शब्द दुसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण होईपर्यंत येता कामा नये. शिवाय आपण अस्तित्ववादी नाही, असं खुद्द काम्यूने 1945 साली मुलाखतीत सांगितलं होतं. लेबल चिकटवायचंच असेल तर निदान ही तक्रार मुलांच्या कानावर घालावी.

पहिला तास पहिल्या परिच्छेदावरच घालवा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फार वाटलं होतं. आता कमी वाटतं. मर्सोला वृद्धाश्रमातून तार येते. तारेत आईसाठी शब्द आहे ‘मेर’, आणि शेवटी फ्रेंच औपचारिक पत्रात असतो तसला ठोकळेबाज नमस्कार. तुम्ही ती तार मराठीत फळ्यावर लिहिलीत: ‘मातोश्रींचे निधन. उद्या अंत्यविधी. कळावे.’ तिच्याखाली मर्सोचं स्वतःचं वाक्य: ‘आज आई गेली.’ कारण तो स्वतः ‘मेर’ म्हणत नाही, ‘मामाँ’ म्हणतो, लहान मूल म्हणेल तसं, आणि पुस्तकभर म्हणत राहतो. ‘कळावे’ला मुलं हसतात. मग गप्प होतात, कारण थंड कोण, तार की माणूस, हे त्यांना आपोआप दिसतं. इंग्रजीतून शिकवताना हे हातातून निसटतं. इंग्रजी अनुवादकांपैकी स्टुअर्ट गिल्बर्टने 1946 साली ‘मदर’ केलं. मॅथ्यू वॉर्डने 1988 साली ‘मामाँ’ तसंच ठेवलं. सँड्रा स्मिथने 2012 साली ‘माय मदर’ घेतलं. तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून, कुणाची आई गेल्यासारखी वाटते एवढंच विचारायचं. वर्गात सगळ्यांच्या हातात मात्र एकच अनुवाद हवा. नाहीतर निम्मा तास पान शोधण्यात जातो. संदर्भही पान नंबराने न देता भाग आणि प्रकरणाने द्यायचा, ही तुमचीच युक्ती.

दुसरी गोष्ट काळाची. कथा-कादंबरीसाठी फ्रेंचमध्ये एक खास लेखी भूतकाळ असतो. काम्यू तो जवळजवळ टाळतो आणि बोलण्यातला भूतकाळ वापरतो. मराठीत असे दोन वेगळे काळ नाहीत, म्हणून तुम्ही म्हणालात, पोलीस ठाण्यातला जबाब आठवा. बस पकडली. ऊन होतं. झोप लागली. प्रत्येक वाक्य सुटं. तत्त्वज्ञ सार्त्रने या कादंबरीवरच्या 1943 च्या लेखात या वाक्यांना बेटं म्हटलं ते याच अर्थाने. त्यासाठीचा तुमचा प्रयोग आम्ही अजूनही तसाच करतो. दुसऱ्या प्रकरणातला, मर्सो रविवारभर सज्जात बसून रस्ता बघतो तो भाग घ्यायचा. दहा वाक्यांत मुलांनी हवे तिथे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ घालायचे आणि नवा उतारा मोठ्याने वाचायचा. दहा मिनिटांत मर्सो एकदम शहाणा, समंजस, ओळखीचा होतो. काम्यूने काय काढून टाकलं होतं ते मुलांना तेव्हा कळतं. गिल्बर्टचा अनुवाद घेतला तर मात्र हा प्रयोग फिका पडतो, कारण ती सांधेजोड त्याने बरीचशी आधीच करून ठेवली आहे.

सगळ्यात मोठं ऋण मात्र त्या दोन रकान्यांच्या वहीचं. डावीकडे पहिल्या भागात जे घडलं ते, जसं लिहिलंय तसं. उजवीकडची बाजू कोरी. दुसऱ्या भागात मर्सोवर एका अरबाच्या खुनाचा खटला सुरू झाला की उजवीकडे, त्याच गोष्टीचं कोर्टात काय झालं ते. कॉफीचंच घ्या. मारेंगो गावच्या वृद्धाश्रमात शवाशेजारी बसलेल्या मर्सोला दूध घातलेली कॉफी रखवालदार स्वतः विचारून आणून देतो. नंतर मर्सोला सिगारेटची तल्लफ येते. आईसमोर ओढावी का, असं वाटून तो क्षणभर घुटमळतो. मग रखवालदारालाही एक देतो, दोघे ओढतात. कोर्टात यातलं उरतं काय? ‘कॉफी प्यायला, सिगारेट ओढली.’ रखवालदार बिचारा कबूल करतो की कॉफी मीच देऊ केली होती. त्यावर सरकारी वकील म्हणतो, परक्याने देऊ केली तरी मुलाने नाकारायला हवी होती. ते घुटमळणं उजव्या रकान्यात कुठेच येत नाही.

नीट भरलेल्या वहीत आणखी एक सापडतं. सरकारी वकील ज्युरीला सांगतो की आईच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी हा पोहायला गेला, नवं प्रकरण सुरू केलं आणि विनोदी सिनेमाला जाऊन हसला. डावा रकाना वार मोजायला लावतो. अंत्ययात्रा शुक्रवारची, मैत्रीण मारीबरोबरचं पोहणं आणि विनोदी नट फर्नांदेलचा सिनेमा शनिवारचा. म्हणजे दफनाचा दुसरा दिवस, मृत्यूचा नव्हे. फरक एखाद-दुसऱ्या दिवसाचाच, पण तो पकडणारं मूल पुढे कुठलाही मजकूर डोळे मिटून वाचत नाही. ज्यांनी पहिल्या आठवड्यात ‘भावनाशून्य’ लिहिलं होतं, त्यांना आपला रकाना त्या वकिलासारखाच भरलेला दिसतो. त्या वेळी शिक्षकाने तोंड बंद ठेवावं, हेही तुम्हीच बजावलंत.

वर्गात खोटा खटला चालवायची फॅशन आहे आणि बहुतेक वेळा त्याचं स्नेहसंमेलन होतं. तुमच्या एका नियमाने तो वाचला: सरकारी पक्षाने आईचं नाव काढायचं नाही, आरोप फक्त खुनाचा. मुलांना वाटतं, आता मर्सो सुटणार. होतं उलटंच. गोळी आधी एक, मग थोडा थांबा, मग निपचित देहावर आणखी चार. तो थांबा का, हे तपास न्यायाधीशही विचारतो आणि मर्सोकडे उत्तर नसतं. बचाव पक्ष ‘ऊन’ म्हणतो. म्हणू द्यावं, पण पहिल्या भागाचं सहावं प्रकरण एका दमात मोठ्याने वाचून. एरवी कोरडी असलेली भाषा तिथे उपमांनी पेटते, आणि हे आईला पुरलं त्या दिवशीचंच ऊन, असं मर्सो स्वतः सांगतो.

मग प्रश्न येतो मेलेल्या माणसाचा. त्याला नाव नाही, त्याच्या बहिणीला नाही, साक्षीला एकही अरब बोलावला जात नाही. त्या काळच्या फ्रेंच अल्जीरियात अरबाला मारल्याबद्दल युरोपीय माणसाला, मर्सोला होते तशी, गिलोटीनची शिक्षा होणं जवळपास अशक्यच, हा समीक्षकांचा आक्षेप इथे सांगावा. अल्जीरियन लेखक कामेल दाऊदने 2013 साली मृताच्या भावाच्या तोंडून अख्खी कादंबरी लिहिली, तिची दोन पानं इथे पुरतात. आणि तुरुंगातली ती जागा वाचून घ्यावी. मर्सोच्या कोठडीत बहुतेक अरबच आहेत. काय केलंस, विचारतात. एका अरबाला मारलं, तो सांगतो. सगळे गप्प. थोड्या वेळाने रात्र होते, आणि तेच त्याला चटईचं एक टोक गुंडाळून उशी कशी करायची ते दाखवतात. यावर प्रश्न विचारू नका, असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत. आम्ही विचारत नाही.

काम्यूने या कादंबरीला लिहिलेली 1955 ची प्रस्तावना आधी देण्याचा मोह होतो. मर्सो खोटं बोलायला नकार देतो, असं लेखकच म्हणतो म्हटल्यावर मुलं निबंधात तेच गिरवतात. पण याच मर्सोने तिसऱ्या प्रकरणात शेजारी रेमोंच्या बाईला अडकवण्यासाठी पत्र लिहून दिलंय आणि पुढे पोलिसांत रेमोंच्या बाजूने साक्षही दिलीय. तेव्हा प्रस्तावना सगळ्यात शेवटी द्यावी, आणि ‘पटते का’ एवढंच विचारावं.

तासांचं गणित तुमचंच कायम आहे: चाळीस मिनिटांचे सोळा. पहिल्या भागाला सात, दुसऱ्याला सहा, लिखाणाला तीन. 1200 ते 1500 शब्दांच्या निबंधाला ‘काम्यूचं तत्त्वज्ञान’ विषय दिला की फसलाच. अंत्ययात्रा, किनारा आणि कोर्ट या तीन ठिकाणचं ऊन, किंवा म्हातारा शेजारी सालामानो आणि त्याचा कुत्रा, एवढा विषय पुरेसा होतो.

पत्राच्या शेवटी सवयीने ‘कळावे’ लिहिलं होतं. त्या तारेची आठवण झाली आणि खोडलं.

तुमचे,
अकरावी-बारावीला साहित्य शिकवणारे आम्ही काही जण