सांगलीतल्या हरभट रोडवरच्या आमच्या दुकानात आलेल्या सर्व्हेअर साहेबांस

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

विम्याच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी आपल्याकडे आल्याचे परवा कळले आणि इतकी वर्षे मनात राहून गेलेले हे पत्र आता लिहिलेच पाहिजे, असे वाटले.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेली आणि आमचे कापडाचे दुकान पाण्यात बुडाले. पाणी ओसरल्यावर पाहणीला आलेले पहिले साहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, मोबाईलवर चार फोटो काढले, "बिले कुठे आहेत?" एवढेच विचारले आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तोंड उघडण्याआधीच शेजारच्या दुकानाकडे वळले. त्यानंतर अण्णा कोणाशीच बोलेनासे झाले. तो अहवाल किती तोकडा होता, हे आपण जाणताच. ते इथे उगाळत नाही.

मग आपण आलात. अण्णा दुकानात कधीही पायताण घालून शिरत नाहीत आणि त्या दिवशीही ते अनवाणीच उभे होते. आपण एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलेत आणि आत घोटाभर चिखल असताना बूट-मोजे काढून पायरीवर ठेवलेत. मग पँट दुमडून आत येत म्हणालात, "अण्णा, दुकान कसे लावलेले असायचे ते आधी सांगा, कागदांचे मागाहून बघू." अण्णांचा हात आपसूक मांडणीकडे गेला. इथे नऊवारी, इथे धोतरजोड्या, माळ्यावर गणपतीच्या तोंडावर भरलेला माल, असे सांगता सांगता त्यांना आठवले, की इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांकडे आमच्या खरेदीच्या बिलांच्या प्रती नक्की मिळतील. दरडावून जे हाती आले नव्हते, ते असे मिळाले.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तीत आपल्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे आणि त्या जाणिवेच्या आधारे विचार व कृती ठरवणे, हे दोन्ही येते. अण्णांचे दुःख पहिल्या साहेबांनाही दिसले असेलच, पण त्यावरून पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे आपण ठरवलेत. नियम आपण कुठेही वाकवला नाहीत. कुजलेला ताग्यान् तागा मोजलात, अण्णांनी वाढवून सांगितलेला एक आकडा त्यांच्यासमोरच कमी केलात आणि त्यांनीही मुकाट्याने मान डोलावली. इतका विश्वास आपण तासाभरात मिळवला होता. अशा माणसाची "स्वभावाने बरा" एवढ्यावर बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला मुळीच पटत नाही. समोरच्याचे मन ओळखल्यामुळेच आपली पाहणी अधिक अचूक झाली आणि आज मिळालेला मान त्या कामाचाच आहे, असे मी मानते. सचोटी आणि माणुसकी एकाच माणसात नांदताना पाहिली, की या व्यवहारी जगावरचा विश्वास पुन्हा बसतो.

आपल्या हाताखालची मुले उद्या कोणाच्या तरी जळालेल्या घरात किंवा बुडालेल्या दुकानात जातील. नुकसानीची कोष्टके त्यांना कोणीही शिकवेल, पण पहिला प्रश्न कसा ठरवायचा ते आपण शिकवावे, ही कळकळीची विनंती. अण्णा आता रोज गल्ल्यावर बसतात आणि आपली चौकशी करतात. सांगलीला आलात, तर सहकुटुंब दुकानी यावे.

आपली कृतज्ञ,
अण्णांची मुलगी
सांगली