पत्रिका आली, पण एपीके होती

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

इंदूरकडची मराठी पाक्षिके आणि मंडळांची मुखपत्रे दोन-तीन संगणकांवर निघतात. त्यातला एखादा जुनाच असतो, कारण पाने लावायचे पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट त्यावरच रुळलेले. विंडोज ७ च्या सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. असा संगणक ठेवायचाच असेल तर त्याचे इंटरनेट काढा आणि पाने तपासलेल्या पेनड्राइव्हवरून न्या.

मोठा धोका जाहिरातीच्या वाटेने येतो. जाहिरात म्हणून छापायला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते, शेवटी ‘डॉट एपीके’. पत्रिका पीडीएफ असते, जेपीजी असते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते बसवून एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातात. आणि आपल्याकडे बँक खाते, फेसबुक पान, वेबसाइटचा ईमेल, सगळे त्याच एका मोबाइल नंबरवर! जाहिरातींचा फोन वेगळा ठेवा, त्यावर बँकेचे काही नको. ईमेलला एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारे अ‍ॅप) लावा.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) तीही कुलूपबंद करते. अंक छापखान्यात गेला की प्रत घ्या, डिस्क काढून दुसऱ्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा जुना अंक त्यावरून उघडून बघा. हे कोणीच करत नाही.

घात झालाच तर आधी नेटवर्क तोडा. घाईने फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

— काही वाचक, रामबाग, इंदूर