महाविद्यालयांनी एकत्र खरेदी करावी, पण करार वाचून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणसंस्थांच्या वाढत्या खर्चाची चर्चा वृत्तपत्रांतून नेहमी होते, पण ती बहुधा वेतन, इमारती आणि शुल्क यांच्यापाशीच थांबते. रसायने, संगणक, बाके, कागद, नियतकालिके, सॉफ्टवेअरचे परवाने यांवर होणारा खर्च कसा ठरतो, याकडे लेखापरीक्षकांखेरीज कोणी फारसे पाहत नाही. महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर काम केलेले असल्याने या दुर्लक्षित बाजूविषयी, विशेषतः समूह खरेदी संस्थांविषयी लिहावेसे वाटते.

प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घ्यायचा आहे असे समजू. विभागप्रमुखांचे मागणीपत्र येते, तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवली जातात आणि तुलनात्मक तक्ता समितीपुढे ठेवला जातो. तक्त्यात तीन आकडे शेजारी शेजारी असतात, पण मूळ कागद वाचले तर एकाने सर्वाधिक वर्धनाचे भिंग वेगळे आकारलेले असते, दुसऱ्याने वाहतूक व जोडणी किमतीत धरलेली नसते आणि तिसऱ्याने हमी दिलेली असली तरी दिवा व विद्युत भाग तिच्यातून वगळलेले असतात. म्हणजे तुलना तीन वेगवेगळ्या वस्तूंची होते. तरीही समिती बहुधा सर्वांत कमी आकड्यावर सही करते, कारण कमी दर का घेतला असे लेखापरीक्षणात सहसा कोणी विचारत नाही. ज्या महाविद्यालयात खरेदीचे सगळे काम एका लिपिकाकडे असते आणि तोच प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवरही बसतो, तिथे यापेक्षा बारकाईची अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

समूह खरेदी संस्था हेच काम अनेक शिक्षणसंस्थांच्या वतीने एकदा आणि नीट करते. त्या त्या विषयातील जाणकार वस्तूचे तपशील ठरवतात, जाहीर निविदा निघते, हमीचा काळ, सुटे भाग, पुरवठ्याची मुदत, माल परत करण्याच्या अटी यांसह दरकरार होतो आणि सभासद संस्था गरजेनुसार त्या करारावर थेट मागणी नोंदवतात. निविदेच्या तयारीपासून आदेशापर्यंत जाणारे महिने त्यामुळे वाचतात. सवलतीचे आकडे जाहिरातीत शोभतात, परंतु माझ्या मते लहान महाविद्यालयाला होणारा खरा लाभ हा वाचलेल्या श्रमांचा आणि एरवी कधीच पदरात न पडणाऱ्या अटींचा आहे. दहा संगणक घेणाऱ्या संस्थेला बिघडलेला सुटा भाग ठरावीक मुदतीत बदलून देण्याचे कलम कोणता पुरवठादार लिहून देईल?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९३४ साली महाविद्यालयांच्या खरेदी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘ई अँड आय कोऑपरेटिव्ह सर्व्हिसेस’ ही सभासदांच्याच मालकीची, नफा न कमावणारी सहकारी संस्था आजही काम करते. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक खरेदीचा आढावा घेणारा मॅक्लेलँड अहवाल २००६ मध्ये आला आणि त्यानंतर तिथल्या विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी ‘एपीयूसी’ ही सामाईक खरेदी संस्था उभी केली. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे प्रादेशिक खरेदी संघ तर आहेतच, शिवाय भोजनगृहांच्या खरेदीसाठी ‘टुको’ ही वेगळी संघटना आहे. तिथे चौकट करारात अनेक पुरवठादार आधीच निवडून ठेवलेले असतात आणि मोठी मागणी असेल तेव्हा विद्यापीठ त्यांच्यातच पुन्हा छोटी स्पर्धा घेते. ही पद्धत मला विशेष पटते, कारण तीत तयार कराराची सोय राहते आणि दरावरचा दबावही सुटत नाही.

नियतकालिकांची गोष्ट मात्र निराळी आहे. कागद एका गिरणीचा नको तर दुसरीचा घेता येतो. संशोधनपत्रिकेला पर्याय नसतो, म्हणून तिथे किती प्रती घेणार यापेक्षा सगळे मिळून नकार देऊ शकता का, हे महत्त्वाचे ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या दहाही परिसरांच्या वतीने एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेशी चाललेली बोलणी फेब्रुवारी २०१९ मध्ये थांबवली, वर्गणीचे नूतनीकरण केले नाही आणि मार्च २०२१ मध्ये, मुक्त प्रकाशनाची, म्हणजे लेख कोणालाही विनामूल्य वाचता येण्याची, तरतूद असलेला नवा करार पदरात पाडून घेतला. एकट्या परिसराने असे केले असते तर दोन वर्षे कळ काढण्याची वेळ फक्त तिथल्या संशोधकांवर आली असती आणि प्रकाशकाचे फारसे काही अडले नसते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना याच विचाराचा देशपातळीवरचा विस्तार आहे. तीत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिकांसाठी एकत्रित वर्गणी भरण्याची तरतूद आहे.

एवढे असूनही सभासदत्वाचा अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या व्यवस्थापनांना सावध करणे भाग आहे. सभासदत्व अनेकदा विनामूल्य असते, मग संस्थेचा खर्च चालतो कशावर? बहुतेक ठिकाणी करारातून झालेल्या विक्रीचा ठरावीक टक्का पुरवठादार या संस्थेला प्रशासकीय शुल्क म्हणून देतो. यात गैर काही नाही, पण विक्री वाढली की शुल्कही वाढते, हे खरेदीदाराने लक्षात ठेवलेले बरे. सहकारी संस्थेत शिल्लक सभासदांकडे परत येऊ शकते. खासगी संस्थेत ती मालकाकडे जाते. दुसरे असे की सवलत पुष्कळदा छापील किमतीवर दिलेली असते आणि छापील किंमत वाढवण्याचा हक्क पुरवठादाराकडेच राहिला, तर टक्केवारी तीच राहूनही बिल फुगते. करारातील दर ही बहुधा कमाल मर्यादा असते आणि मोठ्या मागणीच्या वेळी तिच्याखाली घासाघीस करायला सहसा मुभा असते, हे तर कित्येक प्राचार्यांच्या गावीही नसते.

उलट बाजूने, करार असूनही विभागांनी ओळखीच्या दुकानातून माल आणत राहणे हाही मोठा दोष आहे. पुरवठादार सवलत देतो ती अपेक्षित उलाढालीवर आणि प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र निविदा भरण्याचा त्याचा खर्च वाचतो म्हणून. सभासदांनी खरेदीच केली नाही तर पुढच्या करारात तो दर टिकत नाही. अर्थात किरकोळ दुरुस्ती, नाशवंत माल किंवा तातडीची गरज यांसाठी जवळचा छोटा व्यावसायिकच उपयोगी पडतो आणि त्याला सरसकट बाहेर ढकलणारे करार संस्थांनी स्वीकारू नयेत. मोठे कंत्राट भागांत विभागून निविदा काढली तर छोट्यांनाही स्पर्धेत उतरता येते.

तेव्हा महाविद्यालयांनी नेहमीच्या वस्तूंसाठी अशा संस्थांचा आधार अवश्य घ्यावा. मात्र सामील होण्यापूर्वी शुल्काचे प्रमाण, दरवाढीचे कलम आणि करारातून बाहेर पडण्याची अट लेखी मागून ती खरेदी समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी. वर्षातून एकदा नेहमीच्या काही वस्तूंचे करारदर खुल्या बाजाराशी ताडून पाहावेत. एखाद्या संशोधन प्रकल्पासाठी खास बनवून घ्यायच्या उपकरणाची निविदा मात्र स्वतंत्रच काढावी, कारण त्याचे तपशील ते वापरणाऱ्या संशोधकाशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाहीत.

आपला विश्वासू,
खरेदी समितीचा एक माजी सदस्य