तीन वह्या पाठवते आहे

प्रिय बेटा,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. ‘आई, काही सुचतच नाही. कोरं पान दिसलं की हात थांबतो.’ उत्तर टाइप करायला घेतलं, दोनदा खोडलं, फोन उलटा ठेवून झोपले. तू मागितलेल्या स्केचबुकांचं पार्सल करायचंच होतं, म्हटलं त्यातच चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीचं पत्र झालं.

माझ्या ह्या तीन वह्यांत सुंदर काही शोधू नको. चहाचे डाग आहेत, दुधाचा हिशेब आहे, एका पानावर कणकेचा अंगठा उमटलाय. तुझ्या कॉलेजात दाखवायच्या लायकीच्या ह्या वह्या नाहीत. दाखवल्यास तरी माझी हरकत नाही.

तुला लहानपणापासून वाटत आलंय की आईला भराभर सुचतं. बेटा, मला सुचत नाही. मी चुकीचं काढते आणि कोणीतरी येऊन चूक दाखवतं. वीस-बावीस वर्षं माझं काम ह्यावरच चाललंय.

पहिली वही काढ. सुरुवातीला पोळ्याची पानं आहेत. तेव्हा मला पहिल्यांदाच मुलांच्या पुस्तकाचं काम मिळालं होतं, तू सात वर्षांची होतीस. बैलजोडी काढली, रंगवली आणि वाळायला म्हणून छपरीत ठेवली. तुझे मोठे बाबा गुरांच्या कोठ्यातून येताना त्यापाशी थांबले. माझ्याशी ते कधी थेट बोलले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. भासऱ्याने म्हणजे थोरल्या दिराने भावसुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आपल्या घरची जुनी रीत. मी दाराआड आणि तू मधे उभी. ते तुला म्हणाले, “तुह्या मायले सांग, जू वशिंडावर नसते ठेवत. वशिंडाच्या म्होरं, मानंवर असते. असा जुंपला तं बैल धुऱ्यावरच बसते.” तू धावत आत आलीस आणि मला सगळं म्हणून दाखवलंस. मी तर दोन हात अंतरावरच होते, ऐकलं होतं. तरी तुझ्याकडून पुन्हा ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कोठ्यात बसायला लागले. जुवाच्या खुंट्या, शिवळा, कुठे अडकतात, जोत्याचा पट्टा गळ्याखालून कसा येतो, वेसण ओढली की नाकपुडी कशी ताणते, हे सगळं बघून काढलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी झाली, ती पानं मला आजही आवडतात. पळसाच्या पानाने खांद्यावर तूप-हळद चोळताना मोठे बाबा बैलाच्या कानाशी वाकून “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” म्हणतात, तेव्हा त्यांचा हात आणि बैलाची मान ह्यांची एकच रेघ होते. ती रेघ कल्पनेतून आली नसती.

मग शिंगांचं प्रकरण झालं. आपले बैल गवळाऊ जातीचे, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडचे. पांढरे, अंगाने हलके, तोंड लांब निमुळतं आणि शिंगं आखूड, जाडसर. मी तशीच काढली. प्रकाशनाकडून निरोप आला, शिंगं मोठी करा, बैल ‘बैलासारखा’ दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खिल्लार होता, मागे वळलेल्या लांब शिंगांचा. तो बैल देखणा खराच, पण तो तिकडचा, पश्चिम महाराष्ट्राचा. गोष्ट मात्र आपल्या गावची होती. मी शिंगं वाढवून दिली. पैसे हवे होते, कोणाला खोटं कशाला सांगू? पुस्तक आलं तेव्हा मोठ्या बाबांनी पानं उलटली आणि तुलाच विचारलं, “हे बैल कोनाचे व्हय? आपले तं नोहोत.” बाकी काही बोलले नाहीत. त्या पुस्तकाची प्रत मी कपाटाच्या तळाशी ठेवली आहे. त्यानंतर मी कोणाच्या सांगण्यावरून शिंगं वाढवली नाहीत, आणि त्यापायी दोन कामं हातची गेली.

माझा दिवस तू पाहिलाच आहेस, लांबण लावत नाही. सडा, डबे, कोठा, आजीचं औषधपाणी होता होता दहा वाजतात. उत्तरेच्या खिडकीचा उजेड चार-साडेचारपर्यंत नीट असतो, तेवढाच माझा. दिवाळीच्या आगेमागे घरात कापूस आला की मागची खोली आढ्यापर्यंत भरते आणि माझं टेबल छपरीत जातं. मग ओल्या रंगावर कापसाचे तंतू येऊन बसतात. ते लगेच काढायला जायचं नाही, खालचा रंग उचलून येतो. वाळू द्यायचं, मग सुईने. तरी दुसऱ्या वहीतल्या बऱ्याच आकाशांत आपल्याच वावरातला कापूस चिकटलेला सापडेल. गंमत म्हणजे जलरंगाचा भारी कागद, ३०० ग्रॅमचा, तोही शंभर टक्के कापसाचाच असतो. आपण कापूस क्विंटलावर विकायचा आणि कागद पानावर मोजून विकत आणायचा. तुझ्या बाबांना हे मी एकदा सांगितलं, तर दिवसभर हसत होते. पण त्या हसण्यात काही मजा नव्हती.

कापसावरून आठवलं. वेचणीच्या बायांचे हात मी आधी फुलं तोडल्यासारखे काढत असे, नाजूक. बाजारात स्केच करताना एक वेचणारी बाई शेजारी येऊन बसली. “काय लिहून राहिल्या जी?” म्हणाली. दाखवलं, तर स्वतःचा हात माझ्या वहीवर ठेवला. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या. म्हणाली, असं चिमटीत धरलं तर दिवसाला किलोभर होईल. दुसऱ्या दिवशी मी ओटी बांधून आपल्याच वावरात उतरले. पऱ्हाटी वाऱ्यावर हलत असते, बोंड धरावं लागतं, पाचही बोटं आत घालून सगळ्या पाकळ्यांतला कापूस एकदम ओढायचा आणि ओटीत टाकायचा. दुपारपर्यंत माझी बोटं सोलली. संध्याकाळी काढलेले हात दुसऱ्या वहीच्या मधल्या पानांवर आहेत. रेघा थरथरल्या आहेत, पण हात बरोबर आहेत.

रंगांचं थोडं सांगते, ह्या वर्षी तुम्हाला छपाई आहे म्हणून. काळ्या मातीला काळा रंग लावू नको. सुकलेली ती राखाडी असते, पहिल्या पावसानंतर निळसर होते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बघ, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढेकळं आपोआप दिसतात. आणि पळस. पळसाने मला रडवलंय. मूळ चित्रात फुलं पेटल्यासारखी होती, छापून आली तेव्हा विटेच्या रंगाची. मी छापखान्याला दोष देत बसले, पण चूक माझी होती. छपाईच्या चार शायांत तो केशरी मावतच नाही, आणि त्यात निळ्या शाईचा अंश आला की तो मरतो. केशरी वाढवता येत नाही म्हणून आता मी शेजार गप्प करते. मागचं रान मळकट जांभळं, फुलाच्या देठाशी जे मखमली काळपट असतं ते नीट गडद. मग तोच केशरी उठून दिसतो.

हे सगळं मी शिकले कुठे, विचारशील. शाळेत ‘किशोर’चे जुने अंक होते. १९७१ साली निघालेलं मासिक, माझ्याहून तीनच वर्षांनी मोठं. त्यातली चित्रं कंदिलाखाली वहीत उतरवायची, एवढंच. आणि खरंच अडले की सेवाग्रामला जाते, वही न घेता. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं तुला आठवतात? सहा वर्षांची होतीस, बोट लावायला गेलीस म्हणून मी रागावले होते. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी इथे आली, दाराबाहेर जे झाड उभं होतं ते पाहिलं आणि हाताशी होती त्या मातीनेच भिंतीवर केलं. मी थोडा वेळ बसते आणि शेवटच्या एसटीने परत येते.

आता तिसरी वही. ही तू मुंबईला गेल्यानंतरची. तू गेल्यावर घरात निरोप्याच उरला नाही. मोठे बाबा छपरीत यायचे, चित्र बघायचे, खाकरायचे आणि निघून जायचे. दोन वर्षं मला कळलंच नाही, बरोबर काढते आहे की चूक. गेल्या पोळ्याच्या आधी मी गाभण गाय काढत होते, दूध उतू जाईल म्हणून उठून आत गेले. परत आले तर पेन्सिल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. गाईच्या पोटाखालच्या माझ्या रेघेखाली आणखी एक रेघ होती. जाड, जोर देऊन ओढलेली, कागद दबला आहे इतकी. पोट तेवढं खाली हवं होतं. आठव्या दिवशी ती व्याली.

बोटाने चाचपलंस तर पानाच्या मागूनही ती रेघ लागेल. पान खराब समजून फाडू नको.

डब्यात चकल्या आहेत, वह्यांच्या जवळ उघडू नकोस, तेल लागेल. आणि येताना २बीच्या चार पेन्सिली आण. दोन माझ्यासाठी, दोन मी छपरीतच ठेवणार आहे.

तुझी,
आई