‘सर्व्हर डाऊन’च्या मागे

संपादक महोदय,

‘सर्व्हर डाऊन, कामकाज ठप्प’ अशी बातमी आपल्या अंकात अधूनमधून असते. त्यामागे रात्रपाळीत काय चाललेले असते, ते थोडे सांगतो. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोरेज, म्हणजे माहिती साठवणारी यंत्रे, सांभाळतो.

गेल्या महिन्यात रात्री दीडला बॅकअपच्या सर्व्हरला डिस्क दिसेनाशी झाली. ही डिस्क सर्व्हरच्या पोटात नसते. पलीकडच्या खोलीतल्या स्टोरेजमधून ती आय-स्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेली असते. जोडणी करणारी लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) एवढेच म्हणाली: उणे एक. जमले नाही. का, ते तुमचे तुम्ही शोधा. केबल बदलली, आय-स्कझीचे ३२६० पोर्ट उघडे आहे ना पाहिले, सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला. त्यातून लिनक्सच्या संकेताने उणे एकचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाही लागतो, म्हणून तासभर फाइलींच्या परमिशन तपासत बसलो. सोबतचा पोरगा उदबत्ती लावू या म्हणाला. चारच्या सुमारास वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्रॅम, लावला, तर स्टोरेजच्या उत्तरात चक्क ०२०१! पासवर्ड जुळत नाही. दुपारच्या पाळीत कोणीतरी तो बदलला होता आणि या सर्व्हरवर टाकायचा राहिला होता.

हे आकडे आय-स्कझीच्या २००४ सालच्या नियमपत्रात, आरएफसी ३७२० मध्येच, ठरलेले आहेत. ०२०२ म्हणजे या टार्गेटवर (स्टोरेजमधल्या ज्या ठिकाणाशी जोडायचे त्यावर) प्रवेश नाही, ०२०३ म्हणजे टार्गेट सापडले नाही, ०३०१ म्हणजे सेवा सध्या बंद. स्टोरेजने खरे ते सांगितले होते, मधल्या लायब्ररीने गिळले. ०३०१ आले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ०२०१ला शंभरदा दार ठोठावून काय होणार? पण वरच्या प्रोग्रॅमला दोन्हीकडे उणे एकच, त्यामुळे तो बिचारा रात्रभर तोच चुकीचा पासवर्ड पाठवत राहिला.

ज्यांनी ती लायब्ररी लिहिली त्यांना कळवले, तर उत्तर आले की वेगवेगळे आकडे दिले तर जुने प्रोग्रॅम मोडतील. यात तथ्य आहे. ‘शून्याहून कमी’ तपासणाऱ्याचे काही बिघडत नाही, पण ‘बरोबर उणे एक’ तपासणाऱ्याला नवा आकडा पाहून काम झाले असे वाटेल. मग जुने फंक्शन तसेच ठेवा आणि शेवटची चूक नेमकी सांगणारे आणखी एक द्या. आम्ही ते वापरू.

– एक स्टोरेज अ‍ॅडमिन, भांडुप