थोरलीच्या क्रेडिटचा हिशेब

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, अकरावीची पोर कॉलेजात कशी बसते, तीही फुकट? फोन सारखा तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते.

वॉशिंग्टन राज्यात याला ‘रनिंग स्टार्ट’ म्हणतात. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे जवळच्या सरकारी कॉलेजात) शिकतात, ट्यूशन फी लागत नाही. पुस्तकं, जाणं-येणं, किरकोळ फी आपली. क्रेडिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप. ५ क्रेडिटचा कोर्स शाळेत वर्षभराच्या विषयाएवढा धरतात आणि तेच क्रेडिट पदवीतही चालतात. पदवीला १८० लागतात. वर्षात शिकायच्या तिमाह्या तीन, तिमाहीला १५ घेतले तर दोन वर्षांत ९०. कागदावर निम्मी पदवी!

कागदावर म्हणते, कारण घोळ तिथेच होतो. ९० जमले, पण इंजिनिअरिंगला लागणारं कॅल्क्युलस-फिजिक्स त्यात नसेल, तर बाकीचे क्रेडिट नुसते पडून राहतात. चार वर्षांतलं फारसं काही कमी होत नाही. म्हणून आधी शाखेच्या अटी बघायच्या, मग कोर्स निवडायचा. विषयापुढे & अशी खूण असली (‘मॅथ& १५१’, म्हणजे पहिलं कॅल्क्युलस), की तो कोर्स राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत एकच मानतात. राज्याबाहेर त्या खुणेला कोण विचारतो? तिथे सिलॅबस दाखवावा लागतो, तेव्हा तो जपून ठेवायचा.

दर तिमाहीला शाळेच्या काउन्सेलरच्या सहीचा फॉर्म कॉलेजात द्यायचा. तो राहिला की बिल आपल्या नावावर. १०० च्या खालच्या क्रमांकाचे कोर्सही सवलतीत बसत नाहीत.

आई, तुझी काळजी रास्त आहे. तिमाही जेमतेम १०-११ आठवड्यांची. आजारपणात दोन गेले की गाडी रुळावर येणं कठीण. आणि इथला ग्रेड जन्माचा चिकटतो, उद्या मेडिकलला अर्ज केला तरी मोजतात.

त्या मानाने एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत शिकायचे कॉलेजच्या तोडीचे विषय) सोपं पडतं. विषय शाळेतच वर्षभर, मे महिन्यात एक परीक्षा, १ ते ५ गुण, फी साधारण १०० डॉलर. गुण बिघडले तर सहसा कॉलेजला कळवायची सक्ती नसते. कॅल्टेक, ब्राउनसारख्या ठिकाणी मात्र ५ मिळाले तरी पदवीत क्रेडिट धरत नाहीत.

थोरलीने गणित एपीतून करावं आणि इंग्रजी, इतिहास कॉलेजात, असं माझं मत. बाबा, शाखांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, बघून ठेवा. रविवारी तुमच्या सकाळी साडेनऊला फोन करते.

तुमची लेक