फिशटँकचं पाणी कुंडीत केव्हा घालू नये, हे सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

टाकीतलं पाणी झाडांना घाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगितलंत, म्हणून हे आभाराचं पत्र.

माशांनी टाकलेल्या अमोनियाचं जीवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते झाडाला लागू पडतं, हे ऐकून होतो. ते किती, हा हिशेब तुमचा. नायट्रेट 40 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 40 मिलिग्रॅम असेल तर 10 लिटर पाण्यात नायट्रोजन जेमतेम 90 मिलिग्रॅम! नुसत्या या पाण्यावर कुंडी पोसेल ही आशा तिथेच संपली. पालाश आणि लोह तर त्यात बहुधा कमीच.

तुमची पद्धत साधी आहे. आठवड्याला पाव टाकी, म्हणजे 60 लिटरमधून 15 लिटर काढायचं. सायफन तोंडाने ओढायचा नाही. बादलीला साबण कधीच लागलेला नको. पाणी त्याच दिवशी वापरायचं, साठवलं की कुजकट वास येतो. फिल्टरचा स्पंज याच पाण्यात पिळायचा, कारण नळाच्या क्लोरीनने त्यातले जीवाणू मरतात. गाळ तिप्पट साध्या पाण्यात कालवून मातीत घालायचा आणि वरची माती उकरायची. साका वर तसाच राहिला की चिलटं झालीच म्हणून समजा.

पण खरे आभार मिठाबद्दल. माशांच्या आजारात टाकीत घातलेलं मीठ उडून जात नाही, पाणी उडतं. पाणी न बदलता नुसती पाण्याची भर घालत राहिलं की टाकीतले क्षार वाढत जातात, मग कुंडीत साठतात आणि पानांची टोकं करपतात. दोष मात्र उन्हाला दिला जातो. समुद्री टाकीचं पाणी म्हणूनच कुंडीला कधीच नाही. टाकीत माशांसाठी मेथिलीन ब्लू किंवा तांब्याचं औषध चालू असताना, आणि त्यानंतरच्या काही पाणीबदलांतही, सगळं पाणी मोरीत. खाण्याच्या पानांना तर मुळीच नाही. कीटकभक्षी झाडांना औषध नसलेलंही चालत नाही, त्यांना क्षारच सोसत नाहीत.

निवडुंग बहुतेकदा या पाण्यातल्या कशाने मरत नाही, 'आता पाणी निघालंच आहे' या विचाराने मरतो, हे तुमचं निदान तर अगदी नेमकं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर त्या कुंडीला सुट्टी. उरलेलं पाणी मोरीत ओतताना आता हात अडखळत नाही. ओढ्यात मात्र ओतत नाही, पाण्याबरोबर टाकीतल्या गोगलगाई तिथे जातात.

तुमचे,
टाकी आणि कुंड्या दोन्ही सांभाळणारे